दोन पाटे जादा

तिसऱ्या वळणावर पाटा तुटला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि हंबीररावनं आधी मान वळवून मागं टाकीकडं बघितलं. टाकी शाबूत होती. हजार लिटर पाणी आत डुचमळत होतं. गाडी मात्र डाव्या अंगाला बसली होती. म्हैस मागचा पाय मोडून खाली बसते तशी. त्यानं हॅन्डब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकांना दोन धोंडे लावले आणि उताणा पडून गाडीखाली शिरला.

मागचं सगळं ओझं पाट्यांवर असतं. पोलादाच्या बाकदार पट्ट्या, एकावर एक रचून मधोमध आवळलेल्या. हंबीररावच्या पिकअपला दोन्ही बाजूंना पाच-पाच होत्या. डावीकडचा वरून तिसरा पाटा मोडला होता आणि मोडीचं ताजं तोंड साखरेच्या खड्यासारखं चमकत होतं. बाकीच्या चारांत बाक म्हणून राहिला नव्हता. दहा वर्षं चारी चाकांना जोर देत ही गाडी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावर, चढत होती, तिचं कंबरडं असं हळूहळूच गेलं असणार. ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. बघायला सवड नव्हती.

जॅक लावायचा तर वजन उतरायला पाहिजे, आणि वजन म्हणजे पाणी.

तो वळण चढून वर गेला आणि वाडीकडं तोंड करून हाका मारल्या. बायका घागरी घेऊन उतरल्या. दोन-दोन खेपा झाल्या. तिसरीला कुणाच्या पायांत बळ राहिलं नाही. ऊन तापत चाललं होतं. टाकीत अजून तिसरा हिस्सा पाणी होतं. हंबीररावनं कॉक उघडला. तांबड्या धुळीनं पाणी ओढून घेतलं, थोडं उतारानं खाली धावलं. शेजारच्या घरची बायडाबाई रिकामी घागर काखेत धरून त्या पाण्यात नुसतीच पाय टाकून उभी राहिली.

बोलले ते आण्णा. वाडीतलं सगळ्यात वयस्क माणूस. काठी टेकत तेवढ्यासाठी खाली आले होते.

"पाणी घालायच्या आदी गाडी बघून घ्यायची न्हाईस व्हय रं? आमच्या तोंडचं मातीत घातलंस."

हंबीरराव जॅकचा दांडा फिरवत राहिला.

आंबाडवाडी गारगोटीच्या पश्चिमेला, जांभ्याच्या सड्यावर. चौदा घरं, चाळीस-पंचेचाळीस जनावरं. पावसाळ्यात इथं महिना-महिना ऊन दिसत नाही, आणि होळी सरली की थेंब राहत नाही. यंदा सड्याच्या पोटातला झरा होळीच्या आधीच आटला. सरकारी टँकर एकदा आला. दुसऱ्या वळणावर त्याची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, ड्रायव्हरनं पाणी तिथंच सोडलं आणि परत गेला तो गेला. मग राहिली हंबीररावची पिकअप. सकाळी ती दुधाचे कॅन घेऊन खालच्या गावच्या डेअरीला जायची, येताना गावच्या एका विहिरीवर टाकी भरून घ्यायची. विहिरीच्या मालकाकडं शेतीची वीज सकाळी तीन तास. तेवढ्यात दोनच फेऱ्या व्हायच्या. अर्धी टाकी नेली तर अर्धीच वाडी प्यायची. म्हणून टाकी भरून न्यायची, आणि भरून न्यायची म्हणून पाटे बसले.

घरी क्रांती फळीवर पडून होती. हंबीररावची बायको, चव्वेचाळीस वर्षांची. दिवाळीपासून पाठ दुखते म्हणत होती. घागर उचलताना एकदा कळवळून खाली बसली, तेव्हा गारगोटीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याचा क्षय. एक मणका आतून पोखरला होता. वर्षभर गोळ्या, पाठीला पट्टा, फळीवर निजायचं, ओझं उचलायचं नाही आणि गचके बसू द्यायचे नाहीत. दर महिन्याला दाखवायला यायचं. भावानं तिला कुरुंदवाडला नेलं होतं. सपाट मुलूख, दारात डांबरी रस्ता. तिथं भावजयीनं तिसऱ्या दिवशी तिचं ताट वेगळं काढलं आणि तांब्यावर खूण केली. क्रांतीनं आणखी आठ दिवस काढले आणि नवऱ्याला फोन करून म्हणाली, मला न्यायला या.

"काय मोडलं?" तिनं फळीवरूनच विचारलं.

"पाटा. उद्या कागलला जातो."

"पाणी?"

"दोन दिस न्हाई."

सासूनं, तानाबाईनं, चुलीपुढून वर बघितलं. "हाय त्यात भागवू की," म्हणाली, आणि भांडी घासायला काढलेलं पाणी परत हंड्यात ओतलं.

*

मोडक्या बाजूला लाकडाचा ठोकळा दोरानं आवळून हंबीरराव मुरगूडवरून कागलला पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. हमरस्त्याच्या कडेला विरूपाक्षची पाट्यांची भट्टी. साठी उलटलेला, सीमेपलीकडून, कर्नाटकातून, इथं येऊन स्थिरावलेला माणूस. हातांवरचे केस जळून गेलेले, घणाच्या आवाजानं एक कान अधू झालेला. त्याची बायको दानम्मा भट्टीवर त्याच्या बरोबरीनं काम करायची. तो लोखंड धरायचा, ती घण मारायची. नऊवारीचा पदर खोचून, पाय रोवून ती घण डोक्यावर न्यायची आणि तो नेमका तिथंच पडायचा.

विरूपाक्षनं गाडी ठोकळ्यांवर घेतली, चाकं काढली, गंजलेले बोल्ट तापवून सोडवले आणि पाटे एकेक करून जमिनीवर मांडले. मग दोरी लावून प्रत्येकाचा बाक मोजला.

"यप्पा. ह्यो पाटा हाय का फळी? काय वाहताय पावणं?"

हंबीररावनं पाण्याचं सांगितलं. वळणं सांगितली, वाटेतल्या जांभ्याच्या पायऱ्या सांगितल्या, एक चाक हवेत जातं ते सांगितलं. विरूपाक्ष अधू कानामागं हात धरून ऐकत होता. मोडका पाटा बदलू, बाकीच्यांना तापवून बाक देऊ, पण तेवढ्यानं भागायचं नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. जाड पट्टीचे दोन-दोन पाटे वाढवावे लागतील. बोल्ट लांब घ्यावे लागतील. मग हजार लिटर काय, दीड हजारालाही गाडी वाकणार नाही.

"पर एक हाय," तो म्हणाला. "वजन आसंल तवा गाडी गप चालंल. रिकामी आसली की लाथा झाडंल. लई झाडंल."

दानम्मा कोळसा ओढत होती. तिनं मान वर केली.

"घरातली बायकामाणसं बसत्यात का हो गाडीत? म्हातारं, आजारी कोण?"

हंबीररावच्या डोळ्यांपुढं फळी आली. पट्टा आला. त्याच वेळी धुळीत पाय टाकून उभी राहिलेली बायडाबाई आली, आण्णांची काठी आली. खरं सांगितलं तर हा माणूस पाटे वाढवायचा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. मग वाडीला काय तोंड दाखवायचं?

"न्हाई," तो म्हणाला. "दुधाचं कॅन आणि पाणी. माणूस म्हंजे मी एकटा."

"मग वाढवा की," दानम्मा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत घण पडत राहिला. लाल पाटा ऐरणीवर यायचा, विरूपाक्ष चिमट्यानं सरकवायचा, आणि प्रत्येक घावाला पाट्यात बोटभर बाक यायचा. मधे तिघांनी एकाच फडक्यावर भाकरी खाल्ली. दानम्मानं त्याला आग्रह करून दुसरी वाढली. तिच्या तळव्यावरचे घट्टे त्याला भाकरी देताना दिसले आणि त्यानं नजर दुसरीकडं नेली.

*

पहिली भरलेली टाकी सड्यावर आली तेव्हा वाडी दाराबाहेर होती. गाडी तीनही वळणं न कुरकुरता चढली. जिथं मागचा भाग जमिनीला घासायचा तिथं आता वीतभर फट दिसत होती. आण्णांनी काठीनं पाट्यांना टोचून बघितलं आणि म्हणाले, "आता झाली गाडी." जनावरं पाण्यात तोंडं खुपसून पीत राहिली. बायडाबाईनं हंबीररावच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

उतरताना मात्र त्याला कळलं. रिकामी गाडी प्रत्येक दगडावर उसळत होती. गचका सीटमधून माकडहाडात शिरायचा आणि मानेतून बाहेर पडायचा. दात दातांवर आपटू नयेत म्हणून तो तोंडात टॉवेलचं टोक धरायला लागला. दुधाचे कॅन बांधूनही नाचायचे. चौथ्या दिवशी डेअरीतला माणूस म्हणाला, पावणं, दूध आणताय का ताक? झाकणाला लोण्याच्या गुठळ्या चिकटल्यात. बाकीचे हसले. हंबीररावही हसला, आणि बाहेर येऊन गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. क्रांतीला दाखवायची तारीख आठ दिवसांवर होती.

तो दिवस चुकणार नव्हता. आला. त्यानं सीटवर दोन गाद्या घातल्या, पाठीशी उशा लावल्या. दूध त्या दिवशी नेलं नाही. तानाबाई दारात उभी राहून, सावकाश ने रं, एवढंच म्हणाली. त्यानं माणूस चालेल त्या चालीनं गाडी सोडली. तरी जांभ्याची पहिली पायरी आली आणि गाडीनं मागून लाथ मारली. क्रांतीचा हात वर गेला आणि दारावरच्या दांडीला चिकटला. ती ओरडली नाही. दुसऱ्या वळणावर त्यानं बाजूला बघितलं तर तिनं खालचा ओठ दातांत धरला होता आणि डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं, पण चेहरा समोर होता.

"थांबू?"

"थांबून काय हुतंय? चला."

गारगोटीत तिला उतरता येईना. हंबीररावनं आणि दवाखान्यातल्या आयानं धरून आत नेलं. पायांना मुंग्या येतात म्हणाली. डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावर किल्ली ओढून बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. मग हंबीररावकडं वळून, आवाज न चढवता, बाहेरच्या बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलले. यांना गचके देऊ नका म्हणून सांगितलं होतं ना? पाय जातील. मग माझ्याकडं येऊन रडू नका. हंबीरराव टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं मान हलवली.

येताना, वीज जायच्या आत, विहिरीवर टाकी भरून घेतली. त्याशिवाय वर जाणं नव्हतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी नांगरटीवरून चालल्यासारखी मऊ डोलत चढत होती. क्रांतीनं दांडी सोडून हात मांडीवर घेतला.

"आता कशी काय गप चालतीया?"

त्यानं गिअर बदलला.

"पाण्याच्या वजनानं व्हय?"

मग त्याला सांगावं लागलं. दोन-दोन पाटे जादा घातलेत. भट्टीवाल्यानं आधीच सांगितलं होतं, रिकामी उसळंल. त्याच्या बायकोनं विचारलं होतं, गाडीत कोण आजारी बसतं का. त्यानं नाही म्हणून सांगितलं.



"वाडीला पाणी पायजे हुतं," तो म्हणाला.

"ते मला सांगू नगासा. जलमभर मीच वाहिलं ते डोक्यावरनं. मी नगं म्हणलो असतो व्हय?" ती म्हणाली. "मला इचारायचं तरी."

*

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी, क्रांती परसाकडं जायला उठली आणि डावं पाऊल जमिनीवरून उचलेना. घासत राहिलं. तानाबाईनं तिला धरून फळीवर बसवलं आणि तिचं पाऊल हातात घेऊन दाबत म्हणाली, "कळतंय का?" क्रांतीनं मान हलवली. नाही.

सड्याच्या टोकावर गेलं की फोनला रेंज मिळायची. हंबीरराव तिथं पळत गेला. डॉक्टर म्हणाले, आता इथं नको, सरळ कोल्हापूर, आजच. अँब्युलन्स वर चढणार नाही, खाली डांबरी रस्त्यावर येऊन थांबेल. मधल्या दोन कोसांचं काय ते तुम्ही बघा.

तो परत आला तेव्हा दारात माणसं जमली होती. झोळी करून न्यावं असं एकाचं म्हणणं. पण वाडीतले धडधाकट गडी कामाला बाहेर, कुणी एमआयडीसीत, कुणी मुंबईला. राहिलेल्यांचे खांदे एका उंचीचे नव्हते, पाय एका चालीचे नव्हते. वाटेत कुणी घसरलं तर संपलंच. गाडीत घालायचं तर गाडी रिकामी. कालचं पाणी वाटून झालं होतं. आजचं आणायला तीच गाडी खाली जायला पाहिजे.

हंबीरराव रिकामी टाकी उतरवून घरामागं गेला आणि बांधावरचे दगड उपसून गाडीत टाकायला लागला. मोठे मोठे जांभ्याचे धोंडे. पत्र्यावर एकेक पडला की अख्खी गाडी वाजायची. बोटं सोलली, दोन नखं उलटली. किती टाकायचे? हजार लिटर म्हणजे हजार किलो. त्याच्या हातानं दुपार झाली असती. आणि पायरीवरून गाडी उतरताना हे दगड सगळे एका अंगाला घरंगळले तर?

बायडाबाई येऊन बघत उभी राहिली. पन्नाशीची बाई, नवरा मेलेली, चार म्हशी एकटीनं सांभाळणारी. तिनं विचारलं, दगड कशाला. त्यानं पाट्यांचं सांगितलं. आजपर्यंत वाडीला ते सांगितलंच नव्हतं. वजन नसलं की गाडी लाथा मारते, क्रांतीचा पाय त्यातच गेला, हे तो दगड हातात धरून तिच्यापुढं बोलला. तिला कळायला वेळ लागला नाही. मागच्या पाट्यांकडं तिनं एकदा बघितलं, मग आपल्या दारातल्या भरल्या हंड्याकडं बघितलं.

"दगूड उतरवा," ती म्हणाली. "दगूड गडगडतोय. माणूस धरून बसतंय."

ती घरोघर गेली. काय बोलली ते हंबीररावला ऐकू आलं नाही. बायका निघाल्या, म्हातारे निघाले. प्रत्येकीनं घागर, कळशी, जे हाताला लागलं ते घेतलं. खाली जातोयच तर रिकाम्या हातानं कशाला वर यायचं, असा त्यांचा हिशेब. चिमणाबाई नावाची सत्तरीची म्हातारी, जी दोन वर्षांत वाडीच्या बाहेर पडली नव्हती, तिला दोघींनी उचलून आत ठेवली. आण्णा आले. काठी आधी आत टाकली, मग गाडीच्या मागच्या फळीला पोट लावून वर चढले. पाय मारताना त्यांचं धोतर सुटलं, ते तसंच धरून बसले.

"तुमी कशाला, आण्णा?" हंबीरराव म्हणाला.

"माझंबी साठ किलू हाय की रं."

एकोणीस माणसं बसली. मधोमध दाटीवाटीनं, मांडीला मांडी लावून, घागरी पोटाशी धरून. गाडीचा मागचा भाग चार बोटं खाली आला. तानाबाई पुढं सुनेच्या शेजारी बसली आणि तिची पाठ आपल्या छातीशी धरली.

गाडी उतरायला लागली. पहिल्या पायरीला हंबीररावनं श्वास रोखला. पाट्यांनी सगळं अंगावर घेतलं, हळूच दबले, हळूच वर आले. मागून आवाज नाही. दुसरं वळण. तिसरं. जिथं चाक हवेत जायचं तिथं बायडाबाई मागून म्हणाली, उजवीकडं झुका, आणि एकोणीस माणसं एकदम उजवीकडं झुकली. आरशात हंबीररावला नुसती डोकी दिसत होती, टोप्या, पदर. क्रांतीनं डोळे मिटले होते, पण ओठ दातांत नव्हता.

डांबरीवर अँब्युलन्स उभी होती. क्रांतीला तिच्या स्ट्रेचरवर घेताना बायका भोवतीनं उभ्या राहिल्या. चिमणाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. हंबीररावनं पिकअप झाडाखाली लावली आणि अँब्युलन्समध्ये बसला. मागच्या काचेतून त्याला दिसलं, माणसं विहिरीकडं निघाली होती. दुपारचे बारा झाले होते. चिमणाबाईला दोघींनी धरलं होतं. आता त्यांना दोन कोस चढ होता, डोक्यावर भरली घागर घेऊन. आण्णांनीही एक कळशी घेतली होती.

*

कोल्हापुरात क्रांतीचं ऑपरेशन झालं. पोरगी, अनुजा, तिथंच नर्सिंग शिकत होती. ती आईजवळ राहिली. उजवा पाय सावरला. डाव्या पावलात जीव आला नाही. वर्षभरात येईल, कदाचित येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मणका आता पक्का केलाय, पण पुढं वर्षभर जपायचं.

हंबीरराव एक दिवसाआड वाडीत जाऊन पाणी टाकून यायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दोन टाक्या टाकून झाल्यावर तो गाडी घेऊन कागलला गेला. विरूपाक्ष आणि दानम्मा भट्टीवरच होते. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. त्या वक्ताला मी खोटं बोललो. माझी बायको बसते गाडीत. तिची पाठ अशी हाय. आता काय करायचं? जादाचे पाटे काढून टाका.

विरूपाक्षनं विचारलं, काढले तर पाणी कशावर नेणार?

म्हातारा गाडीखाली जाऊन आला. हात पुसत म्हणाला, काढायचे नाहीत. ते दोन पाटे सगळ्यांत वर, वेगळे बसवायचे. दोन्ही टोकं मोकळी ठेवायची. रिकाम्या गाडीला ते लागतच नाहीत. खालचे मऊ पाटे तेवढे काम करतात. गाडी भरली, चार बोटं खाली आली, की वरच्यांची टोकं टेकतात आणि भार घेतात. दोन्ही साधतं.

हंबीरराव वाकून पाट्यांकडं बघायला लागला.

"हे तवाबी झालं असतं?"

"झालं असतं की. तवाबी हीच भट्टी हुती, हेच लोखंड हुतं." विरूपाक्षनं चिमटा उचलला. "तुमी म्हणला, माणूस बसत न्हाई. म्हणून म्या सगळे एकत्र आवळून टाकले. त्यात जोर जादा ऱ्हातोय."

दानम्मानं घण खाली ठेवला. ती हंबीररावला रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "पाय कुठला?"

"डावा."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि परत घण उचलला.

*

क्रांतीला घरी आणली त्या दिवशी हंबीररावनं पाणी सकाळीच टाकून घेतलं होतं. गाडी मुद्दाम रिकामी ठेवली. पहिल्या पायरीला क्रांतीचा हात आपोआप दांडीवर गेला. गाडी डोलली, पुढं गेली. दुसरी पायरी गेली. तिनं मागं वळून बघितलं. मागं काही नव्हतं, नुसता पत्रा.

"टाकी न्हाई?"

"न्हाई."

आणखी एक वळण गेलं. मग ती म्हणाली, "हे आदी हुईत नव्हतं?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. तिला पाट्यांतलं काय कळणार होतं? त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

"हुईत हुतं," तो म्हणाला. "त्यांनी इचारलं तवा तुझं सांगितलं असतं, तर तवाच हुईत हुतं. पाणीबी आलं असतं अण् तूबी... मला वाटलं, दोनातलं एकच हुईल. तुझं नाव काढलं तर पाणी जाईल."

"वाटलं," क्रांती म्हणाली.

तिनं दार उघडलं. तो उतरून पलीकडं जाईपर्यंत ती खाली उतरलीही होती. गाडीला धरून, सगळा भार उजव्या पायावर देऊन उभी होती. खाली वेदगंगेच्या काठचा ऊस दिसत होता, वर सडा, मधे ही वाट. हंबीरराव दोन हात अंतरावर उभा राहिला. तिला धरावं की नाही ते त्याला कळेना.

"भट्टीवर खोटं बोललासा ते आत्याबास्नी म्हाईत हाय?" तिनं सासूबद्दल विचारलं.

"न्हाई."

"बायडाबाईला?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

"सांगा. समद्यास्नी सांगा. त्यास्नी वाटतंय, माझा पाय त्यांच्या पाण्यापायी गेला. बायडाबाई दवाखान्यात आलती तर माझ्या म्होरं पाणीबी प्याली न्हाई."

हंबीररावनं मान हलवली. तेवढ्यानं भागलं नाही असं दिसलं, म्हणून तो तोंडानं म्हणाला, "सांगतो."

क्रांती वळली. उजवा पाय आत टाकून ती सीटवर बसली. डावा बाहेर लोंबत राहिला. हंबीरराव पुढं झाला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून पाय उचलला, आत घेतला, पाऊल सरळ करून ठेवलं आणि दार ओढून घेतलं.